सेल्फ घेईना, तर दोष बॅटरीचाच का? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

दुचाकीच्या बॅटरीविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या वेळी उत्तरासाठी घेतली आहेत. गावे निरनिराळी असली तरी तक्रार बहुतेकांची सारखीच आहे : सकाळी गाडी सुरू झाली नाही, मेकॅनिकने बॅटरी ‘गेली’ असे सांगितले, आणि आता नवी घ्यावी की आहे तीच चार्ज करून वापरावी, असा पेच पडला आहे. उत्तरे देताना मी एक पथ्य पाळले आहे. मोजमाप केल्यावाचून बॅटरीला मृत ठरवायचे नाही, आणि जिवंतही ठरवायचे नाही.

प्रश्न १ : माझी कार्ब्युरेटरची मोटारसायकल २०१८ सालची असून तिची ५ अँपिअर-तास क्षमतेची सीलबंद बॅटरी साडेतीन वर्षांपूर्वी बदललेली आहे. गाडी आठवड्यातून दोन-तीनदाच निघते. अलीकडे सेल्फचे बटण दाबले की नुसते ‘कट-कट’ वाजते, मात्र किक मारली की गाडी सुरू होते. हॉर्न चांगला वाजतो, म्हणजे बॅटरी ठीक असावी असे मला वाटते. मेकॅनिक मात्र नवीच घ्या म्हणतो. घरच्या घरी तपासणी कशी करावी? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : हॉर्न वाजतो म्हणून बॅटरी ठीक आहे, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. हॉर्नला दोन-तीन अँपिअर पुरतात, ३५ वॅटच्या हेडलाइटलाही साधारण तीनच लागतात. पण सेल्फच्या मोटरला इंजिन फिरवताना काही क्षण त्याच्या दहापट किंवा त्याहूनही अधिक प्रवाह हवा असतो. अर्धी उतरलेली बॅटरी हॉर्न खणखणीत वाजवते आणि सेल्फपुढे मान टाकते. आपण ऐकता तो ‘कट-कट’ आवाज रिलेचा, म्हणजे सेल्फच्या मोटरला प्रवाह जोडणाऱ्या विजेच्या खटक्याचा आहे : रिले जोडणी करते, मोटर प्रवाह ओढू लागताच व्होल्टेज कोसळते, रिले सुटते, व्होल्टेज सावरते, आणि रिले पुन्हा जोडणी करते. व्होल्टेज कोसळत आहे एवढे या आवाजावरून निश्चित कळते. ते बॅटरीच्या आत कोसळते की वाटेतल्या जोडणीत, हे मात्र कळत नाही.

म्हणून सुरुवात बॅटरीपासून न करता टर्मिनलपासून करावी. दोन्ही स्क्रू हाताने हलवून पाहावेत, त्यांवर पांढरा किंवा हिरवट खार साचला असल्यास तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून, कोरडे करून, बारीक पॉलिश पेपरने धातू उघडा करावा, जोडणी घट्ट करावी आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. ऋण वायर जिथे चासीला किंवा इंजिनला बोल्टने जोडलेली असते ते ठिकाणही याच वेळी पाहावे, कारण गंज तिथे धरतो आणि नजर तिथवर जात नाही. हे मी स्वानुभवाने लिहीत आहे. काही वर्षांपूर्वी एका दुकानदाराच्या सांगण्यावरून मी बॅटरी बदलून घेतली, जुनी बदल्यात देऊन टाकली, आणि तिसऱ्याच दिवशी तोच ‘कट-कट’ आवाज पुन्हा ऐकला. दोष चासीवरच्या त्या एका गंजलेल्या बोल्टचा होता.

यापुढचे काम मल्टीमीटरचे. साधा डिजिटल मल्टीमीटर तीन-चारशे रुपयांत मिळतो आणि तेवढा पुरतो. तो २० व्होल्ट डीसीवर ठेवून, गाडी किमान रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी, चावी न फिरवता बॅटरीच्या दोन टोकांवरचे व्होल्टेज मोजावे. नुकतीच चालवलेली किंवा नुकतीच चार्ज झालेली बॅटरी मोजली तर आकडा फसवा येतो, कारण प्लेटांच्या पृष्ठभागावर तात्पुरता जादा भार राहिलेला असतो आणि तो ओसरायला काही तास जातात. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात आणि प्रत्येक भरलेला कप्पा २.१ व्होल्टच्या आसपास देतो, त्यामुळे विसावलेली भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. सीलबंद प्रकारात हा आकडा १२.८ किंवा थोडा वरही असतो. आकडा १२.४ आला तर बॅटरी साधारण पाऊण भरलेली आहे, १२.२ आला तर अर्धी, आणि १२ किंवा त्याखाली आला तर ती जवळजवळ रिकामी आहे असे धरावे. बाजारातली मंडळी ‘१२ व्होल्ट आहेत, बॅटरी ओके’ असे ज्या आकड्याला म्हणतात, तो खरे तर उतरलेल्या बॅटरीचा आकडा आहे.

हा आकडा बॅटरी किती भरली आहे ते सांगतो. ती ओझे पेलते की नाही हे पाहण्यासाठी मीटरची टोके बॅटरीवरच ठेवून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. भरलेल्या बॅटरीचे व्होल्टेज त्या क्षणी १० च्या आसपास टिकले तर ती ठीक आहे. ते ९.५ च्या खाली घसरले, तर बॅटरी एक तर उतरलेली आहे किंवा थकलेली आहे, आणि या दोहोंतला भेद पूर्ण चार्ज करून पुन्हा हीच चाचणी घेतल्याशिवाय कळत नाही. उलट, व्होल्टेज १२ च्या वरच राहिले आणि तरीही मोटर फिरली नाही, तर बॅटरीला दोष देऊ नये. मग रिले, वायर किंवा मोटर पाहावी. अशा वेळी मीटरचे एक टोक बॅटरीच्या टर्मिनलवर आणि दुसरे त्याच टर्मिनलला जोडलेल्या वायरच्या टोकावर टेकवून सेल्फ दाबावा. जोडणी चांगली असेल तर आकडा शून्याजवळ राहतो. अर्धा व्होल्ट जरी दिसला तरी तेवढे व्होल्टेज त्या सांध्यातच वाया जात आहे.

शेवटची चाचणी गाडी बॅटरीला चार्ज करते का, ही आहे. इंजिन सुरू करून चार-पाच हजार आरपीएमपर्यंत (मिनिटाला इंजिनाचे तेवढे फेरे) नेले असता बॅटरीवर साधारणपणे १३.५ ते १४.८ व्होल्ट दिसावेत. आकडा इंजिन बंद असतानाइतकाच राहिला, तर फ्यूज, मॅग्नेटची (इंजिनवर वीज तयार करणाऱ्या यंत्रणेची) कॉइल प्लेट किंवा रेक्टिफायर (ती वीज बॅटरीजोगी करणारा भाग) यांपैकी काहीतरी बिघडले आहे, आणि या स्थितीत नवी बॅटरी बसवली तर तीही आठ-पंधरा दिवसांत उतरेल. आपली गाडी आठवड्यातून दोन-तीनदाच, तीही बहुधा गावातल्या गावात फिरते. शिवाय १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू होताच आपोआप पेटलेला राहतो, तो आपल्याला बंद करता येत नाही. कमी आरपीएमवर मॅग्नेटकडून जेमतेम दिवे भागतात, बॅटरीच्या वाट्याला फारसे उरत नाही. माझा अंदाज असा की आपली बॅटरी मेलेली नसून उपाशी आहे. ती आधी बाहेर काढून पूर्ण चार्ज करावी. साडेतीन वर्षे हे वय उतारवयच आहे, पण खरेदीचा निर्णय चार्ज केल्यानंतरच्या आकड्यावर घ्यावा.

प्रश्न २ : बॅटरी घरी चार्ज करता येते का? आमच्या गावी मोटारींच्या बॅटऱ्या चार्ज करणारे एक दुकान आहे, तिथे दिली तर चालेल का? शिवाय माझा मुलगा वायफाय राउटरच्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरने काम होईल असे म्हणतो. (एक शिक्षिका, चिपळूण)

उत्तर : आपल्या चिरंजीवांची कल्पना कागदावर पटण्याजोगी आहे, पण भरलेली बॅटरी स्वतःच १२.६ व्होल्टची असते, आणि पाणी जसे उंचावरून सखल भागाकडे जाते तसा प्रवाह अधिक व्होल्टेजकडून कमी व्होल्टेजकडे वाहतो. बॅटरी भरायची तर चार्जरला सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत जावे लागते. बारा व्होल्टचा अडॅप्टर अगदी उतरलेल्या बॅटरीत थोडेफार ओतेल आणि मग थांबेल. शिवाय प्रवाहावर नियंत्रण ठेवण्यासाठी तो बनवलेलाच नसल्यामुळे स्वतः तापण्याचा धोका राहतो. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीला वायरी लावून दुचाकीची बॅटरी चार्ज करणारेही मी पाहिले आहेत. ती मोठी बॅटरी या छोट्या बॅटरीत बेताल प्रवाह लोटते, म्हणून तो मार्ग अजिबात धरू नये.

दुकानाच्या बाबतीत प्रश्न आहे तो प्रवाहाचा. शिसे-आम्ल प्रकारच्या छोट्या बॅटरीसाठी जुना आणि भरवशाचा नियम असा, की चार्जिंगचा प्रवाह तिच्या क्षमतेच्या एक दशांश असावा : ४ अँपिअर-तासांच्या बॅटरीला ०.४ अँपिअर, ५ च्या बॅटरीला ०.५, आणि मोठ्या मोटारसायकलींच्या १४ अँपिअर-तासांच्या बॅटरीला १.४ अँपिअर. मोटारींच्या बॅटऱ्या चार्ज करणारे दुकानदार सहसा पाच-सहा अँपिअर लावतात, आणि घाईत असतील तर त्याहून अधिक. एवढ्या प्रवाहाने स्कूटरची बॅटरी तासाभरात गरम होते, आतले पाणी वायुरूपाने निघून जाते, आणि ‘चार्ज करून आणली तरी चार दिवसांत बसली’ अशी तक्रार सुरू होते. दुकानदाराकडे प्रवाह कमी करण्याची सोय असेल आणि रात्रभर बॅटरी ठेवायला तो तयार असेल, तर खुशाल द्यावी. माझा कौल मात्र दुचाकीसाठीच बनवलेला, अर्ध्या ते एक अँपिअरचा स्वयंचलित चार्जर घेण्याच्या बाजूने आहे, कारण तो १४.४ व्होल्टच्या आसपास पोहोचल्यावर प्रवाह आपोआप कमी करत नेतो. जुन्या धाटणीचा साधा ट्रान्सफॉर्मरचा चार्जर मात्र बॅटरी भरली तरी प्रवाह लोटतच राहतो, त्यामुळे त्याच्याजवळ घड्याळ लावून बसावे लागते.

चार्जिंगला किती वेळ लागेल याचा हिशेब सोपा आहे. ५ अँपिअर-तासांची बॅटरी अर्धी उतरलेली असेल तर तिला २.५ अँपिअर-तास परत द्यायचे आहेत, आणि चार्जिंगमध्ये थोडे वाया जाते म्हणून वीस टक्के अधिक धरून ते ३ होतात. अर्ध्या अँपिअरने सहा तास. पूर्ण उतरलेल्या बॅटरीला याच हिशेबाने बारा तास लागतात. दर दोन तासांनी बॅटरीच्या बाजूला हात लावून पाहावा. कोमट झाली तर हरकत नाही, हाताला चटका बसेल इतकी तापली तर चार्जर बंद करून तिला निवू द्यावे.

बॅटरी गाडीतून काढताना आधी ऋण आणि मग धन टर्मिनल सोडवावे, आणि बसवताना आधी धन व मग ऋण जोडावे. या क्रमामागे कारण आहे : गाडीची सारी चासी ऋण टोकाला जोडलेली असते, त्यामुळे ऋण वायर जागेवर असताना धन टर्मिनलवरचा पाना चुकून चासीला टेकला तर थेट शॉर्ट होऊन ठिणगी उडते. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो आणि तो ठिणगीने भडकतो, म्हणून बॅटरी हवेशीर ओसरीवर किंवा गच्चीवर चार्ज करावी. स्वयंपाकघरात गॅसजवळ नको, आणि देवघरात समई तेवत असेल तर त्याच्या आसपासही नको. चिमटे आधी बॅटरीला लावून मग चार्जरचे बटण चालू करावे, आणि काढताना आधी बटण बंद करावे.

चार्ज झालेली बॅटरी लगेच गाडीला न जोडता रात्रभर तशीच ठेवावी आणि सकाळी मोजावी. आकडा १२.६ च्या वर टिकला तर तिच्यात जीव आहे. तो १२.३ वर घसरला तर प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक बसले आहेत, आणि एखाद-दुसऱ्या सावकाश चार्जिंगने फरक पडला तर पडला. रात्रीनंतर नेमका १०.५ च्या जवळ आकडा आला, तर सहापैकी एक कप्पा पूर्ण निकामी झाला आहे, आणि त्या बॅटरीवर आणखी वीज खर्च करण्यात अर्थ नाही.

प्रश्न ३ : माझ्या जुन्या मोटारसायकलला पाण्याची बॅटरी आहे. उन्हाळ्यात दर पंधरा-वीस दिवसांनी पाणी कमी होते. घरातल्या आरओचे पाणी टाकले तर चालते का? याआधीची नवी बॅटरीही सव्वा वर्षातच गेली होती. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : आरओचे पाणी पिण्यास चांगले असते, पण ते क्षारमुक्त नसते, उरलेले क्षार आणि क्लोराइड प्लेटांना खातात. बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, तेही वरच्या खुणेपर्यंतच, आणि आम्ल कधीही घालू नये, कारण उडून जाते ते पाणी. आम्ल आतच राहते. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतकेच पाणी घालून आधी चार्जिंग करावे आणि मग खुणेपर्यंत भरावे, कारण चार्ज होताना पातळी वर चढते आणि आधीच काठोकाठ भरलेली बॅटरी आम्ल बाहेर सोडते. बॅटरीच्या बाजूने निघणारी बारीक नळी दुमडलेली नाही ना आणि तिचे टोक चेनवर येत नाही ना, हेही पाहून घ्यावे.

तथापि, पंधरा-वीस दिवसांत पातळी उतरते याला एकटा नागपूरचा उन्हाळा कारणीभूत नसावा. इंजिन चार-पाच हजार आरपीएमवर असताना बॅटरीवर १५ व्होल्टपेक्षा अधिक दिसत असतील, तर व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा रेक्टिफायर-रेग्युलेटर बिघडला आहे आणि तो बॅटरी अक्षरशः उकळवत आहे. मागची बॅटरी सव्वा वर्षात जाण्याचे कारणही बहुधा हेच असेल. दुसरी शक्यता अशी, की कोरडी आलेली नवी बॅटरी आम्ल भरून पहिले सावकाश चार्जिंग न करताच गाडीत बसवली गेली असेल. ग्राहक दुकानात उभा असतो, दुकानदाराला गिऱ्हाईक सोडायचे नसते, आणि त्या वाचवलेल्या काही तासांची किंमत बॅटरी आपल्या आयुष्याने चुकवते.

पाण्याच्या बॅटरीचा एक फायदा असा, की प्रत्येक कप्पा वेगळा तपासता येतो. छोट्या बॅटरीसाठीचा बारीक हायड्रोमीटर (द्रावणाची घनता मोजणारी नळी) घ्यावा. मोटारीचा मोठा हायड्रोमीटर भरेल एवढे द्रावणच यात नसते. पूर्ण भरलेल्या बॅटरीच्या आम्लाची घनता २७ अंश सेल्सियसला १.२६ ते १.२८ असते आणि अर्ध्या उतरलेलीची सुमारे १.२०. तापमान वाढले की द्रावण पातळ होते, त्यामुळे ४२ अंशांच्या दुपारी मोजलेल्या आकड्यात ०.०१ मिळवावे. पाच कप्पे १.२५ दाखवत असताना एकच कप्पा १.२० किंवा त्याखाली असेल, तर बॅटरी त्या कप्प्यापायी जाणार हे समजावे. हे करताना चष्मा आणि रबरी हातमोजे घालावेत, आणि आम्ल अंगावर उडाले तर ती जागा लगेच भरपूर पाण्याने धुवावी.

प्रश्न ४ : मी जहाजावर नोकरीला असतो आणि सहा-सहा महिने घरी नसतो. मोटारसायकल २०२१ सालची आहे, तिला चोरीचा अलार्म लावला आहे. घरचे दर रविवारी पाच मिनिटे गाडी सुरू करून ठेवतात, तरी दर वेळी परत आल्यावर बॅटरी उतरलेली मिळते. (एक वाचक, देवगड)

उत्तर : उभ्या गाडीची पाच मिनिटांची आळवणी बॅटरीच्या फारशा उपयोगाची नाही. सेल्फने घेतलेला भार जेमतेम फिटतो तोच गाडी बंद होते, आणि सायलेन्सरमध्ये पाण्याचा अंश साचून तो आतून गंजतो तो वेगळाच. आपला खरा चोर मात्र अलार्म आहे. तो समजा १० मिलीअँपिअर घेत असेल, तर दिवसाला ०.२४ अँपिअर-तास जातात; ५ अँपिअर-तासांची बॅटरी दहा दिवसांत अर्धी आणि तीन आठवड्यांत रिकामी होते. खात्री करायची असेल तर चावी बंद ठेवून ऋण वायर सोडवावी, मीटर आधी १० अँपिअरच्या छिद्रावर आणि आकडा अगदी लहान असेल तर मिलीअँपिअरच्या रेंजवर लावून वायर आणि ऋण टर्मिनल यांच्या मध्ये जोडावा आणि गळती मोजावी. या जोडणीत असताना सेल्फ मारू नये, मीटर बिघडू शकतो. अलार्म किंवा ट्रॅकर नसलेल्या गाडीत हा आकडा सहसा एक-दोन मिलीअँपिअरपेक्षा जास्त नसतो.

बोटीवर जाण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज करून गाडीतून काढून, घरात थंड व कोरड्या जागी ठेवावी, आणि घरच्यांना महिन्या-दीड महिन्याने काही तास चार्जर लावायला सांगावे. शिसे-आम्ल बॅटरी स्वतःहूनही उतरत असते आणि तापमान दहा अंशांनी वाढले की तो वेग जवळपास दुप्पट होतो, म्हणून तापलेल्या पत्र्याखालची पडवी ही तिची जागा नव्हे. कायम लावून ठेवण्याचे चार्जर मिळतात, परंतु पावसाळ्यात कोकणातली वीज ज्या प्रकारे येते-जाते ते पाहता, सहा महिने कोणाची नजर नसताना ते लावून ठेवा असे मी सांगणार नाही. आपली गाडी प्रदूषणाच्या बीएस-६ मानकाची आहे, म्हणजे बहुधा इंधन-इंजेक्शनची. पंप आणि नियंत्रण यंत्रणा यांना बॅटरीच लागते, त्यामुळे पूर्ण बसलेल्या बॅटरीवर ती ढकलून सुरू होईल या भरवशावर राहू नये.

प्रश्न ५ : वाटेत बॅटरी उतरली तर मोटारीच्या बॅटरीवरून जम्प देऊन (वायरी जोडून) दुचाकी सुरू करता येते का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : मोटारीचे इंजिन बंद ठेवून येते. ते सुरू असले तर मोटारीच्या अल्टरनेटरची (इंजिनवर वीज तयार करणाऱ्या यंत्राची) ताकद दुचाकीच्या वायरिंगला झेपण्यापलीकडची ठरू शकते. धन टोकाला धन जोडावे, ऋण वायरचे शेवटचे टोक दुचाकीच्या बॅटरीऐवजी इंजिनाच्या उघड्या धातूला लावावे, आणि गाडी सुरू होताच वायरी उलट क्रमाने काढाव्यात. किक असेल तर हा खटाटोप करूच नये. दुचाकीला लिथियमची बॅटरी असेल तर जम्प टाळावा, आणि चार्जरही लिथियमसाठी बनवलेलाच वापरावा.

प्रश्न ६ : जुनी बॅटरी भंगारवाला चांगल्या भावाने घेतो. त्याला द्यावी का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : देऊ नये. अनेक ठिकाणी भंगारात आलेली बॅटरी उघड्यावर फोडतात, आम्ल गटारात जाते आणि शिसे वितळवताना निघणारा धूर आसपासच्या घरांतल्या मुलांच्या पोटात जातो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि विक्रेतेही नवी बॅटरी देताना जुनीचे पैसे वजा करतात. भंगारवाल्याचा भाव त्यापेक्षा थोडा अधिक असला, तरी जुनी बॅटरी विक्रेत्याकडेच द्यावी, बिलावर तशी नोंद करून घ्यावी, आणि नव्या बॅटरीवरचा उत्पादनाचा महिना त्याच वेळी वाचावा; सहा-आठ महिने दुकानात पडून राहिलेली सीलबंद बॅटरी असेल, तर तिचे व्होल्टेज दुकानातच मोजायला सांगावे आणि आकडा १२.५ च्या खाली आला तर दुसरी मागावी.